त्वचेवरच्या सेन्सरसाठी ताणली जाणारी वाहक पट्टी: साहित्य, बनवणी आणि पारख

कोपर वाकवलं की त्याच्या मागच्या बाजूची त्वचा ३० टक्क्यांच्या आसपास ताणली जाते, काही सांध्यांवर त्याहूनही जास्त. धातूच्या सपाट, पातळ थराला एवढा ताण सोसत नाही. काही टक्क्यांतच त्याला भेगा पडतात. त्यात तांब्याचा यंग गुणांक सुमारे १२० गिगापास्कल, तर त्वचेचा, मोजण्याच्या पद्धतीनुसार, काही दहा किलोपास्कलपासून काही मेगापास्कलपर्यंत. ताठरपणातली ही तफावत हजारो पटींपासून लाखो पटींपर्यंत जाते. ताठर पट्टी त्वचेबरोबर हलत नाही, तिच्यावर घासत राहते, आणि मग नोंदीत शरीराच्या हालचालीपेक्षा घासण्याचा गोंगाटच जास्त येतो.

म्हणून मऊ आणि ताणलं जाणारं वाहक साहित्य लागतं. या लेखात एक साधा ताण-सेन्सर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा बनवायचा ते पाहू: सिलिकॉन रबरात कार्बन मिसळून केलेली पट्टी, जी बोटाच्या किंवा मनगटाच्या सांध्यावर लावता येते. एक गोष्ट मला आधीच ठासून सांगायची आहे. वीज वाहून नेणारं रबर बनवणं हा यातला सोपा भाग आहे. पट्टी निकामी होते ती बहुतेक वेळा मऊ भाग जिथे कठीण तारेला भेटतो तिथे. त्यामुळे मिश्रणावर जेवढा वेळ घालवाल, त्याहून जास्त वेळ जोडावर आणि चाचणीवर घालवा.

ताणल्यावर रोध बदलायला हवा का?

साहित्य हातात घेण्याआधी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. बोट किती वाकलं, श्वासाबरोबर छाती किती फुगली, हे मोजायचं असेल तर लांबीबरोबर रोध बदलायलाच हवा, आणि दर वेळी सारखाच बदलायला हवा. हृदयाचे किंवा स्नायूंचे विद्युत संकेत टिपायचे असतील, किंवा दोन घटकांमधली जोडतार हवी असेल, तर रोध शक्य तितका स्थिर राहायला हवा. ही दोन्ही कामं एकाच साहित्याकडून करून घ्यायला गेलात तर दोन्ही अर्धवट होतात.

पहिल्या कामासाठी गेज फॅक्टर हे माप वापरतात. रोधातल्या सापेक्ष बदलाला लांबीतल्या सापेक्ष बदलाने भागलं की तो मिळतो. यामागची भूमिती समजून घेण्यासारखी आहे. रबर ताणलं तरी त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. लांबी १.३ पट झाली की छेदाचं क्षेत्रफळ १.३ पटीने घटतं, म्हणून रोध १.३ × १.३ म्हणजे १.६९ पट होतो. साहित्याच्या आत काहीही बदललं नाही तरी एवढा फरक पडणारच. लहान ताणाला याचा गेज फॅक्टर २ येतो. एखादी सरळ तार ताणूनही रोध बदलत नाही असं कुठे वाचलंत, तर हा हिशेब करून पाहा. रोध खरोखर स्थिर ठेवायचा असेल तर तारेला नागमोडी आकार द्यावा लागतो. मग ताणाचं काम वळणं उलगडून करतात आणि धातू स्वतः जेमतेम ताणला जातो. इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये त्वचेवर गोंदणासारखं बसणारं जे सर्किट मांडलं, त्यात हीच युक्ती होती. जोडीला अत्यंत कमी जाडी. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: जाडी निम्मी केली की तो आठव्या हिश्श्यावर येतो. मऊ रबर शोधत बसण्याआधी जाडी कमी करता येते का ते पाहणं केव्हाही फायद्याचं.

कोणतं साहित्य कशासाठी

द्रव धातूपासून सुरुवात करतो, कारण ही कल्पना जुनी आहे. १९५३ मध्ये व्हिटनी या संशोधकाने पारा भरलेली बारीक रबरी नळी हातापायाभोवती गुंडाळून अवयवाच्या आकारमानातला बदल मोजण्याची पद्धत मांडली. आज पाऱ्याच्या जागी गॅलियम आणि इंडियमचा मिश्रधातू वापरतात. वजनाने साधारण ७५ टक्के गॅलियम आणि २५ टक्के इंडियम घेतलं की तो १५.५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, म्हणजे अंगावर द्रवच राहतो. त्याची वाहकता सुमारे ३४ लाख सीमेन्स प्रति मीटर, तांब्याच्या जवळजवळ सतराव्या हिश्श्याइतकी. वाहकता उत्तम! पण इथेच अडचण आहे. १०० मायक्रोमीटर उंच, ५०० मायक्रोमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब नळीचा रोध भरतो जेमतेम ०.६ ओहम. साध्या मल्टीमीटरच्या तारांचा आणि जोडांचा रोध याच घरात असतो, त्यामुळे चार तारांची मोजणी (दोन तारांनी प्रवाह देऊन वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज मोजणं) करावी लागते. शिवाय गॅलियम ॲल्युमिनियममध्ये शिरून ते ठिसूळ करतं. ॲल्युमिनियमचा साचा, पत्रा, हत्यारांची मूठ, सगळं त्यापासून लांब ठेवा.

कार्बन ब्लॅक मिसळलेलं सिलिकॉन रबर वाहकतेत फारच मागे आहे, पण स्वस्त आणि टिकाऊ आहे, गळत नाही, आणि त्याचा रोध किलोओहममध्ये येत असल्याने मोजायला सोपा. दोष असा की ताणताना आणि सोडताना ते एकाच वाटेने चालत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर. चांदीचे नॅनोतंतू वाहकतेत सरस असतात, पण घाम आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडतात आणि उघडे त्वचेला लागू देऊ नयेत. पेडॉट-पीएसएस हे वाहक बहुवारिक पाण्यात विखुरलेल्या स्वरूपात मिळतं. वाळलेला थर मूळचा ठिसूळच असतो. योग्य मिश्रके घालून तो चांगला ताणता येतो हे स्टॅनफर्डमधल्या झेनान बाओ यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं.

हायड्रोजेल मात्र वेगळ्या जातीचं. त्यात वीज वाहून नेतात ते आयन, इलेक्ट्रॉन नव्हेत. म्हणून एकदिश प्रवाहाने त्याचा रोध मोजायला गेलात तर इलेक्ट्रोडपाशी आयन साचतात आणि आकडा सरकत राहतो. जेल मोजायचं ते प्रत्यावर्ती प्रवाहाने, साधारण १ किलोहर्ट्झला. संकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोडसाठी त्वचा आणि धातू यांच्यामधला थर म्हणून जेलला तोड नाही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं १० टक्के द्रावण ९० अंशांना ढवळत विरघळवा, साच्यात ओता, उणे २० अंशांना गोठवून पुन्हा वितळू द्या आणि हे चक्र तीन ते पाच वेळा करा. चिवट जेल तयार होतं. मग ते ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून भिजत ठेवा. ग्लिसरीनमुळे ते लवकर सुकत नाही. जेलच्या मागे चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड घ्या, कारण त्याचं विभव स्थिर राहतं. हृदयाचा संकेत त्वचेवर साधारण १ मिलिव्होल्टचा असतो, तिथे विभवाची छोटीशी हलचलही महागात पडते.

पहिल्यांदा करणाऱ्याने ताण मोजायला कार्बन आणि सिलिकॉन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. यात काय चुकतंय ते डोळ्यांना आणि मीटरला दिसतं.

मिश्रण

दोन भागांत मिळणारं, प्लॅटिनम उत्प्रेरकावर जमणारं मऊ सिलिकॉन घ्या. या रबराला गंधक, कथिलाची संयुगं आणि अमाइन अजिबात चालत नाहीत. यांचा अंश लागला तरी पृष्ठभाग चिकट राहतो किंवा रबर जमतच नाही. लॅटेक्सच्या हातमोज्यांत गंधक असतं, म्हणून नायट्राइलचे घाला. रेझिनवर छापलेल्या थ्रीडी साच्यांमुळेही हाच घोळ होतो. ॲक्रिलिकचा साचा घेतलात की प्रश्न मिटतो. कार्बन ब्लॅकच्याही काही प्रतींमध्ये गंधक असतं. ॲसिटिलीन ब्लॅक या प्रकारात ते फार कमी असतं, म्हणून तोच निवडा. आधी दोन ग्रॅमचा नमुना जमवून पाहा, मगच पुढे जा.

कार्बनची भुकटी अतिशय हलकी असते आणि श्वासाबरोबर आत जाते. बारीक कण अडवणारा मास्क घाला, पंखा बंद ठेवा, आणि भुकटी वजन करताना झाकण असलेलं भांडं वापरा. भुकटी रबरात ओली झाली की धोका बराच कमी होतो. कार्बन नॅनोट्यूबच्या बाबतीत मी याहून कडक बोलेन: धूर ओढून घेणारं कपाट नसेल तर त्या कोरड्या हाताळूच नका.

आता प्रमाण. कार्बन थोडा असताना कण सुटे सुटे राहतात आणि रबर विद्युतरोधकच असतं. एका ठरावीक प्रमाणाला कणांच्या साखळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळतात आणि रोध अचानक अनेक पटींनी कोसळतो. याला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. तो कार्बनच्या जातीवर, रबरावर आणि ढवळण्यावरही अवलंबून असतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा उचलून चालत नाही. वजनाने ६, ८, १० आणि १२ टक्क्यांच्या चार छोट्या पट्ट्या ओता, रोध मोजा आणि आलेख काढा. उंबरठ्याच्या अगदी काठावर संवेदनशीलता खूप असते, पण प्रत्येक घाणा वेगळा निघतो. फार वर गेलात तर रबर ताठर होतं आणि बदलही कमी मिळतो. आलेखातला कडा उतरून जिथे सपाटी सुरू होते, त्याच्या किंचित वरचं प्रमाण घ्यावं.

ढवळण्यात एक युक्ती फार उपयोगी पडते. रबराच्या दोन्ही भागांत कार्बन निम्मा-निम्मा आधीच मिसळून ठेवा आणि शेवटी दोन्ही एकत्र करा. असं केल्याने कार्बन पसरवण्यात वेळ गेला तरी रबर जमायला लागत नाही. फार जोरात आणि फार वेळ ढवळू नका. कार्बनच्या कणांचे नैसर्गिक गुच्छ तुटतात आणि वाहकता घटते. महत्त्वाचं हे की वेळ आणि वेग दर घाण्याला तोच ठेवा आणि वहीत लिहा. मग निर्वात भांड्यात हवा काढा. मिश्रण फुगून वर येतं, म्हणून भांडं मिश्रणाच्या तीन-चार पट मोठं असू द्या.

थर ओतणं

पट्टी तीन थरांची: खाली साधं सिलिकॉन, मध्ये वाहक रेघ, वर पुन्हा साधं सिलिकॉन. काचेच्या दोन्ही कडांना चिकटपट्टीचे थर एकावर एक लावा, मध्ये रबर ओता आणि सरळ पातं ओढा. चिकटपट्टीच्या उंचीएवढा थर मिळतो. खालचा थर ०.३ मिलिमीटर पुरे. तो पूर्ण जमण्याआधी, बोट लावलं तर चिकटतं पण रबर बोटाला येत नाही अशा अवस्थेत, वर स्टेन्सिल ठेवून वाहक मिश्रण ओढा. ५ मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड रेघ घेऊ. वाहकता १० सीमेन्स प्रति मीटर असली तर रोध २ किलोओहमच्या आसपास येईल. चहूबाजूंनी किमान ३ मिलिमीटर कोरी किनार सोडा, नाहीतर थर तिथूनच सुटू लागतात. वरचा थर ओतण्याआधी पुढचा टप्पा करायचा आहे.

जोड

सिलिकॉनवर सोल्डर बसत नाही, म्हणजे डाग देऊन तार चिकटवणं शक्य नाही. तार नुसती रबरात खुपसली तर ती पहिल्या दहा-वीस ताणांत सैल होते आणि रोध उड्या मारायला लागतो. कारण सोपं आहे: रबर ताणलं जातं, तार ताणली जात नाही, आणि त्या सीमेवर सगळा ताण गोळा होतो.

यावर माझा भरवशाचा मार्ग म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या कापडाचे दोन तुकडे. वाहक रेघ ओली असतानाच तिच्या दोन्ही टोकांवर प्रत्येकी १० मिलिमीटर लांबीचं कापड ठेवून हलकं दाबा. मिश्रण विणीच्या भोकांतून वर येतं आणि कापड रबरात गुंतून जातं. कापडाचा बाहेर राहिलेला भाग तारेसाठी. त्याला बारीक, अनेक पदरी तार वाहक दोऱ्याने शिवा किंवा धातूचं प्रेस बटण बसवा. आता कापड आणि रेघ मिळून टोकाचा जो भाग झाला आहे, त्याच्यावर ताणलं न जाणारं साधं कापड चढवा, आणि ते वाहक कापडाच्या आतल्या कडेपलीकडे ५ मिलिमीटर जाऊ द्या. ताण मग वाहक जोडावर न येता त्याच्या पुढे, निव्वळ रबरावर येतो. साध्या कापडाची कड सरळ न कापता दातेरी कापली तर ताठरपणा एकदम न बदलता हळूहळू उतरतो. तारेला बाहेर एक सैल वळसा ठेवा आणि तो वळसा त्वचेवर वेगळ्या चिकटपट्टीने पक्का करा.

हे झाल्यावर वरचा थर ओता आणि रबर बनवणाऱ्याने दिलेला पूर्ण वेळ जमू द्या.

चाचणी: त्वचेआधी बाकावर

एक पट्टी, दोन चिमटे आणि एक मोजपट्टी एवढ्यावर भागतं. एक चिमटा स्थिर, दुसरा सरकता.

ताजं भरणयुक्त रबर पहिल्या काही ताणांत मऊ पडतं. याला मलिन्स परिणाम म्हणतात. म्हणून वापरात येईल त्याहून थोड्या जास्त ताणाला, समजा ४० टक्क्यांना, पट्टी वीसेक वेळा ताणून सोडा. तिचं खरं मोजमाप यानंतर सुरू होतं. मग ०, १०, २०, ३० टक्क्यांना चढताना आणि उतरताना रोध नोंदवा. दोन्ही वाटांमधलं अंतर म्हणजे हिस्टेरेसिस. २० टक्क्यांना चढताना आणि उतरताना येणाऱ्या रोधांत जेवढा फरक, तेवढी तुमच्या मोजणीतली अनिश्चितता. सॉफ्टवेअरने ती झाकता येते, नाहीशी करता येत नाही. पुढे ३० टक्क्यांना पट्टी दहा मिनिटं तशीच धरा. रोध हळूहळू खाली सरकत जातो, कारण तुटलेल्या साखळ्या आतल्या आत पुन्हा जुळतात.

कार्बनच्या पट्ट्यांत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती ठाऊक नसली तर माणूस सर्किटमध्ये दोष शोधत बसतो. पट्टी झपाट्याने सोडली की रोध सरळ उतरण्याऐवजी मध्येच थोडा वर उसळतो आणि मग खाली येतो. सोडतानाही साखळ्या क्षणभर विस्कटतात. यामुळे एकाच हालचालीत दोन शिखरं दिसतात. जलद हालचाली मोजायच्या असतील तर कार्बनपेक्षा द्रव धातूची नळी बरी. श्वासासारख्या संथ हालचालीला, जी मिनिटाला १२ ते २० वेळा होते, कार्बन छान चालतं.

शेवटी पट्टी न ताणता जोडाच्या तारा हलवून पाहा. आकडा हलला तर जोड कच्चा आहे. ती पट्टी पुढे नेऊ नका.

सर्किट

विभवविभाजक पुरेसा आहे: ३.३ व्होल्टला एक स्थिर रोध, त्याच्या खाली पट्टी, आणि मधल्या बिंदूवर मायक्रोकंट्रोलरचं मापन. स्थिर रोध किती घ्यायचा? पट्टीच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रोधांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. पट्टी २ ते ४.५ किलोओहम जात असेल तर ३ किलोओहम. मग व्होल्टेज १.३२ पासून १.९८ पर्यंत जातं. १२ बिटच्या मापनात एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची असते, म्हणजे आठशेच्या वर पायऱ्या हाताशी येतात. पट्टीच्या हिस्टेरेसिसच्या मानाने हे भरपूर आहे. महागडा मापक घेऊन इथे काहीच मिळत नाही.

हे सगळं बॅटरीवरच चालवा. सेन्सर अंगावर असताना चार्जर जोडू नका, लॅपटॉपही भिंतीतल्या सॉकेटपासून सोडवलेला असू द्या. सर्वांत उत्तम म्हणजे नोंदी ब्लूटूथने पाठवा. वाहक रेघ त्वचेला कुठेही उघडी लागता कामा नये.

त्वचेवर

त्वचा साबणाने धुऊन कोरडी करा. तेल किंवा मलम लावलेलं नको. जखम, पुरळ किंवा नुकतंच केस काढलेली जागा टाळा. रेघेचा मध्य सांध्याच्या उंचवट्यावर येऊ द्या आणि लावताना पट्टी ५ ते १० टक्के ताणूनच लावा, म्हणजे सांधा सरळ झाला तरी ती सैल पडत नाही. सैल पट्टी सुरकुतते आणि पहिले काही अंश मोजतच नाही. चिकटवायला त्वचेसाठी बनवलेली वैद्यकीय चिकटपट्टी घ्या. घरगुती गोंद नको. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ जाते पण पाणी जात नाही, त्यामुळे जाड थराखाली घाम साचतो. कोऱ्या किनारीत बारीक भोकं पाडली तर फरक जाणवतो.

पहिल्यांदा अर्धा तास लावा, काढा आणि जागा नीट पाहा. लाली उतरत नसेल किंवा खाज येत असेल तर थांबा. स्वतःखेरीज इतरांवर वापरायचं म्हटलं की जबाबदारी बदलते. पेशींवरचा परिणाम, त्वचेचा दाह आणि ॲलर्जी यांच्या चाचण्या आयएसओ १०९९३ या मानक-मालिकेत दिल्या आहेत, आणि अंगाला जोडलेल्या वैद्यकीय उपकरणांच्या विद्युत सुरक्षेसाठी आयईसी ६०६०१ आहे. तिथे घरगुती अंदाजाला जागा नाही.

लावल्यावर लगेच मोजायला लागू नका. पट्टी खोलीच्या तापमानावरून त्वचेच्या तापमानावर यायला काही मिनिटं घेते आणि तेवढ्यात रोध सरकतो. आकडा स्थिरावला की कोनमापकाने सांधा ०, ३०, ६० आणि ९० अंशांना धरून रोध नोंदवा, चढताना आणि उतरतानाही. हे अंशांकन पट्टी प्रत्येक वेळी लावल्यावर नव्याने करावं लागतं, कारण दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी ताण बदलतो. नोंदीत नुसता रोध न ठेवता, सुरुवातीच्या रोधाच्या तुलनेत झालेला बदल ठेवा. मग दोन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवता येतात.

वापरानंतर पट्टी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, न ताणता, सपाट ठेवा. विश्रांतीतला रोध दर वेळी लिहून ठेवा. तो वापरागणिक थोडा चढत असेल तर ते वयाचं लक्षण, चालतं. एकदम दुप्पट झाला, किंवा तार हलवल्यावर थरथरला, तर कापडाच्या कडेपाशी भिंग लावून बघा. भेग बहुधा तिथेच सापडेल.